फिलू टीचरची कॅमेरो

आमच्या सांडोरात चर्चमधली सकाळची मिस्सा सातला सुटते. त्यानंतर दहाव्या मिनिटाला शेजारच्या घरातून असा आवाज उठतो, की केळीच्या बागेतले बगळे उडून जातात. मी तुळिंजहून इथं राहायला आलो, त्या पहिल्या सकाळी मला वाटलं, कुणाचा तरी पाण्याचा पंप फुटला. धावत कुंपणापाशी गेलो. ओटीवर सत्तरीच्या एक बाई. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर टॅब, हातात स्टॉपवॉच. टॅबवर दोन मोठ्या अमेरिकन गाड्या शर्यतीला उभ्या, गुरगुरत.

"गप!" बाई म्हणाल्या. मी काही बोललोच नव्हतो. "हिरवा दिवा लागतोय."

लागला. गाड्या सुटल्या. बाईंनी श्वास रोखून धरला. मीही धरला. का, ते आजही सांगता येत नाही.

"बघितलंस? मस्टँगची मागची चाकं जागेवरच फिरली. कॅमेरो पहिल्या दमात पुढं! सुरुवात घेता आली पाहिजे, बाबा."

या फिलोमिना टीचर. गावाच्या फिलू टीचर. सगळी नोकरी शाळेत पीटी शिकवण्यात गेली. नवरा वारला, एकुलता एक मुलगा विल्सन अमेरिकेत मिशिगनला. घरात त्या आणि कॅमेरो. म्हणजे कॅमेरोचा फोटो. तो येशूच्या तसबिरीच्या खाली, जरा अंतर ठेवून लावलेला.

गावातली एकही चालती वस्तू टीचरच्या घड्याळातून सुटली नाही. फादरांची स्कूटर देवळाच्या फाटकापासून नाक्यापर्यंत किती सेकंद घेते, हे फादरांना नसेल ठाऊक, टीचरना आहे. भाजीचा टेम्पो दिसला की म्हणायच्या, "शून्य ते साठ नाही हा, शून्य ते संध्याकाळ!" माणसांनाही त्या तसंच मोजत. "तुझी बायको कॅमेरो आहे. तू डिझेलचा टेम्पो. चढावर तापतोस," असं मला बायकोसमोर सांगितलं. बायको अजून ते विसरलेली नाही.

एकदा त्या तिला म्हणाल्या, "खरी परीक्षा पाव मैलाची." हिने संध्याकाळी अर्धा डझन पाव नेऊन दिले.

पण मस्टँगचं नाव काढायची सोय नव्हती. मी एकदा सहज म्हणालो, "टीचर, मस्टँग दिसायला छान आहे."

"दिसायला!" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "लग्न जमवतोयस काय? इंजिन बघ, पकड बघ. मागच्या चाकांवर सगळा जोर. जरा रस्ता ओला झाला की शेपूट हलवते ती."

शनिवारी सकाळी मात्र कुंपणापाशी जायचं नाही. त्या वेळी मिशिगनहून नातीचा, रोशेलचा, फोन येई. भिंतीपलीकडून आम्हाला फक्त भांडण ऐकू येई. "टॉर्क! आय से टॉर्क!" टीचर ओरडत. पलीकडून ती पोरगीही ओरडे. ती पक्की मस्टँगवाली.

गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवारी आवाजच आला नाही. इंजिनाचा नाही, भांडणाचाही नाही. आठ वाजून गेले तसा मी गेलो.

टीचर ओटीवर ताठ बसल्या होत्या. फोन समोर पाटावर ठेवलेला.

"रोशेलने गाडी घेतली," त्या म्हणाल्या. "सेकंडहँड. कॉलेज करता करता नोकरी केली, त्या पैशांची."

"कुठली?" मी विचारलं आणि विचारल्यावर जीभ चावली.

"मस्टँग."

पहाटे तिचा मेसेज आला होता. हॉस्टेलवरून निघते, तीन तासांत घरी, पोचले की फोन. त्या हिशेबाने फोन साडेसातला यायला हवा होता. "आणि तिथं बर्फ पडतोय," टीचर म्हणाल्या. "मी हवामान बघितलं."

"लहान पोरं विसरतात, टीचर."

"ती नाही विसरत."

नऊ वाजले. रोशेलचा फोन बंद. विल्सनचा वाजायचा, पण तो उचलत नव्हता. बायकोने पेज आणून दिली, ती तशीच निवली. टीचर एकटक फोनकडे बघत बोलत होत्या, माझ्याशी नव्हे. "बर्फावर ॲक्सिलरेटर हलका ठेवायचा. जरा जास्त दाबला की मागची चाकं सुटतात. गाडी गर्रकन फिरते. मी बघितलंय ना. रोज सकाळी बघितलंय."

मला काही माहीत नव्हतं, म्हणून मी धीर देऊ शकत होतो. त्या बाईंना मात्र ती गाडी किती क्षणात हाताबाहेर जाते, ते सेकंदाच्या हिशेबात ठाऊक होतं.

साडेनऊ. त्यांनी रोझरी हातात घेतली, दोन मणी सरकवले आणि थांबल्या. "पुढचं आठवत नाही रे," म्हणाल्या. रोज म्हणणारी बाई! मला तर त्यांची प्रार्थना येतच नव्हती. मी नुसता शेजारी बसलो.

दहाला पाच कमी असताना फोन वाजला. टीचरच्या हातून तो निसटला, मी उचलून बटण दाबलं. पडद्यावर रोशेल. कानटोपी, लाल नाक, अंगावर बापाचा जाडजूड कोट. मागे विल्सन आणि गाडी ओढून नेणारा ट्रक. वळणावर मस्टँग फिरून रस्त्याकडेच्या चरात गेली होती. रोशेलला ओरखडाही नव्हता. फोनची बॅटरी संपली होती. विल्सन शोधायला निघाला तो घाईत फोन घरीच विसरून. आत्ता ट्रकवाल्याचा फोन घेऊन बोलत होती.

"आझी," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "यू विन. कॅमेरो बेटर. ओके?"

इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल लागला होता. मी टीचरकडे पाहिलं.

"नो, नो!" टीचर घाईघाईने म्हणाल्या. "मस्टँग गुड! व्हेरी गुड! रोड बॅड. यू होम, स्लीप. नेक्स्ट सॅटरडे वुई फाइट. ओके, बाय? फाइट!"

पलीकडे पोरगी रडता रडता हसली. फोन बंद झाला. टीचरनी पदराने चेहरा पुसला आणि निवलेली पेज ओढून घेतली.

"जिंकला होतात की," मी म्हणालो. "मग कबूल का नाही केलंत?"

"मला काय करायचीय कॅमेरो? मला गाडी लागते. वसईपर्यंत रिक्षाने गेले तरी मध्ये उतरावं लागतं."

मी हातातला फोन पाटावर ठेवला.

"तिला मराठी येत नाही," टीचर म्हणाल्या. "माझं इंग्लिश हे असं. वर्षानुवर्षं हाय आजी, बाय आजी, की फोन बापाच्या हातात. एकदा तिच्या तोंडून मस्टँग ऐकलं. मला वाटलं, कुठला घोडा पाळला. मग शोधलं, वाचलं, डिक्शनरी घेऊन बसले. पुढच्या शनिवारी म्हटलं, मस्टँग नो गुड, कॅमेरो गुड."

त्यांनी पेजेचा एक घोट घेतला.

"चाळीस मिनिटं भांडली माझ्याशी," त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटं, रे."