हरकतीच्या खुर्च्या

सरकारी टेंडर हरावं कसं, यात माझा हात धरणारा कुणी नाही! हरायचं, आणि लगेच जिंकणाऱ्याविरुद्ध हरकत नोंदवायची. चौकशी लागते, समोरच्याच्या तोंडाला फेस येतो, आपल्या जिवाला तेवढंच बरं वाटतं.

मी खुर्च्या बनवतो आणि शेजारच्या दुकानातून बायको खुर्च्या भाड्यानं देते. यंदा सरकारी कचेरीच्या खुर्च्यांचं टेंडर पलीकडच्या गल्लीतल्या टकल्या सुतारानं मारलं आणि खुर्च्या पोचत्याही केल्या. पण सरकारनं नवा नियम काढला होता. हरकत फेटाळली गेली, तर चौकशीचा सगळा खर्च हरकत घेणाऱ्याच्या डोक्यावर!

"खबरदार हरकत घेतलीत तर!" बायको डब्यातल्या एका फाटक्या नोटेला चिकटपट्टी लावत म्हणाली. "रंधा मारायच्या मशीनसाठी जमवलेत हे पैसे."

"छे गं! वेड लागलंय का मला?" असं म्हणून मी गुपचूप हरकत नोंदवून आलो. 'टकल्याच्या खुर्च्या माणसाचं वजन पेलणार नाहीत,' एवढंच लिहिलं. बस्स!

दोन दिवसांनी बायको जेवताना खुशीत म्हणाली, "अहो, कचेरीनं आपल्या झाडून सगळ्या खुर्च्या भाड्यानं नेल्या!"

"आणि त्यांच्या नव्या?"

"सील केल्यात. कुणीतरी हरकत घेतलीय. चौकशी होईपर्यंत त्यांवर बसायचं नाही म्हणे. माणसं उभ्यानं काम करत होती बिचारी!"

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"भाडं किती लावलंस?"

"दुप्पट!"

"अगं, काही माणुसकी?"

"तुमचं काय जातंय? हरकतवाला हरला की त्याच्याकडूनच वसूल करणार आहेत. उद्या गाद्याही पाठवते!"

आता माझी सगळी भिस्त टकल्याच्या खुर्चीवर. ती मोडली तरच मी वाचणार! चौकशीच्या दिवशी कचेरीतले सगळ्यात वजनदार साहेब तिच्यावर बसले. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही.

"साहेब, जरा हलून बघा ना!" मी काकुळतीला आलो.

साहेब हलले. मागे रेलले. डोळे मिटून म्हणाले, "वा! इथं झोप लागेल हो." आणि खरंच लागली! हरकत तिथंच फेटाळली गेली.

बिल आलं. खुर्च्यांचं भाडं, गाद्यांचं भाडं, वर नेण्या-आणण्याची हमाली. बायको दुकानात गेल्यावर मी डबा रिकामा केला आणि कचेरीच्या खिडकीवर मुकाट्यानं पैसे भरले. फार वाईट वाटलं. त्या मशीनचं स्वप्न मी कितीतरी दिवस बघत होतो.

संध्याकाळी बायकोनं माझ्या हातावर नोटांचा गठ्ठा ठेवला. "कचेरीनं भाडं चुकतं केलं. घ्या तुमचं मशीन!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात तिनं गठ्ठ्यातली वरची नोट उचलली आणि उजेडात धरली. कोपऱ्याला चिकटपट्टी! ती नोटेकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"तो हरकतवाला भेटला तर निरोप द्या," ती शांतपणे म्हणाली. "पुढच्या वेळी त्याला भाड्यात सूट देईन."

किती सूट, हे विचारायची माझी काही हिंमत झाली नाही!