पॅकेज सोडण्याचा रविवार

दुपारी एकला मेहुणीकडे जेवायला पोचायचं होतं, आणि त्याआधी ग्रंथपालांना संन्यास घ्यायचा होता.

संन्यास कशातून, तर पॅकेजांतून. स्वयंसेवकांनी चालवलेली एक फुकटची संगणकप्रणाली होती. तिच्यात हजारो छोटे प्रोग्राम, म्हणजेच पॅकेजं, आणि प्रत्येकाला एक पालक. प्रोग्रामचं बिल्ड, म्हणजे त्याची जुळणी, कोसळलं की पालकाने धावायचं. ग्रंथपाल नऊ वर्षं धावत होते, आणि नऊ वर्षांत मेहुणीकडे एकदाही वेळेवर पोचले नव्हते. "आज सोडा ते सगळं," बायको म्हणाली होती, "नाहीतर यापुढे मी तुमची वाट बघायची नाही." हे ती शांतपणे म्हणाली, म्हणून ते जास्त घाबरले.

चारांपैकी तीन पॅकेजं दहा वाजेपर्यंत चांगल्या घरी पडली. उरलं लेबलं छापणारं. देण्याआधी जरा नीटनेटकं करावं म्हणून त्यांनी त्यातली एक बिनकामाची ओळ खोडली, आणि बिल्ड लाल झालं. मोडलेलं पॅकेज दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही, असा नियम होता.

बिल्डने दिलेल्या तक्रारींच्या यादीत शेवटचं नाव बारकोडच्या पॅकेजचं होतं. त्याला पालकच नव्हता, आणि बेवारस पॅकेजला हात लावायचा तर आधी दत्तक घ्यावं लागे. त्यांनी घेतलं. ते ठाकठीक करतात तोच फॉन्टच्या पॅकेजने गळा काढला. तेही बेवारस. तेही घेतलं.

साडेबाराला बायको पर्स अडकवून दारात आली. "झालं का सोडून?"

"झालंच. फक्त जरा वाढलीत."

"किती?"

"आठ."

बाई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी खुर्ची ओढली. "हे लाल काय आहे?"

"तक्रारी. चारशे ओळी. शेवटची बघ, आता पुन्हा फॉन्ट म्हणतोय..."

"शेवटची कशाला? शेवटी रडणाऱ्या पोराचा कधीच दोष नसतो. आधी कोण रडलं?"

त्या थेट वर गेल्या. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, एक फाइल सापडत नाही. ती फाइल आणणारी ओळ म्हणजे सकाळी खोडलेली ओळ.

"ही कोणी काढली?"

ग्रंथपालांनी पंख्याकडे पाहिलं. "साफसफाई करत होतो."

"घरात कधी केली नाहीत ती?"

ओळ परत बसली. सातही दत्तकांवरची मलमपट्टी निघाली. पण आपण मोडलेलं आपणच पास करता येत नाही. दुरुस्ती दुसऱ्याच्या नावावर जावी लागते. रविवारी या वेळी दुसरा कोण सापडणार? ग्रंथपाल रडकुंडीला आले.

"मी आहे ना," बाई म्हणाल्या. "शाळेत दिवसाला दोनशे सह्या ठोकते." त्यांनी खातं उघडलं आणि आठ ठिकाणी मंजुरी दिली. आठही पॅकेजं हिरवी झाली. लगेच प्रणालीचा निरोप आला: आभार. शेवटची दुरुस्ती आपली असल्याने आठही पॅकेजांच्या पालक यापुढे आपण.

ग्रंथपाल सुटले! त्यांना अक्षरशः हलकं वाटलं. त्यांनी धावत जाऊन बूट घातले. "चल, वेळेवर पोचू."

"थांबा हो. कोणीतरी लिहिलंय, बारकोडवालं चालत नाही म्हणून. आणि भाषा बघा याची!"

"उद्या दे उत्तर."

"उद्या कसं? माझं पॅकेज आहे ते." बाईंनी चष्मा चढवला.

तेवढ्यात फोन वाजला. "भाऊजी," मेहुणी म्हणाली, "नेहमीसारखा उशीर ना? ताईला तरी पुढे पाठवा."

"मी निघालो," ग्रंथपाल म्हणाले. "तुझ्या ताईचं ताट मात्र झाकून ठेव."