म्हसावदचा भूपेंद्र, तळोद्याचा शांतीलाल

भाकरी तव्यावर असतानाच कामिनीच्या मोबाईलवर मेसेज आला : 'भूपेंद्रभाऊ, म्हसावदच्या स्टँडवर उतरलो. हार आणलाय. घर कुठे?'

कामिनीची भाकरी करपली. बंदुकांच्या ऑनलाइन खेळाचा जिल्ह्याचा सामना तिच्या संघाने कालच जिंकला होता, पण 'कामिनी' या नावाने नव्हे. त्या नावाने ती पहिल्यांदा उतरली तेव्हा शत्रूसुद्धा गोळ्या झाडायचं सोडून 'जेवण झालं का?' विचारत बसले. मग तिने नवऱ्याचं नाव घेतलं, माईक बंद ठेवला आणि सगळ्यांना धडकी भरवली. आता खुद्द संघाचा कप्तान, तळोद्याचा शांतीलाल, दारात येत होता!

भूपेंद्र केळीच्या बागेतून येऊन हातपाय धूत होता.

"आहो, आते तुम्ही चॅम्पियन शेतस!"

"कसाना?"

"बंदूकना खेयना. गयामा हार घाली घ्या, बोलू नका."

हार म्हटल्यावर भूपेंद्रने इस्त्रीचा शर्ट चढवला.

शांतीलाल निघाला पिकल्या मिशांचा गृहस्थ. सोबत त्याची मुलगी रिना. हे बाबा एवढे चपळ? कामिनी बघतच राहिली. हार पडला, फोटो निघाले, अंगण भरलं.

"एक डाव दखाडा ना!" शेजारचा भीमसिंग ओरडला.

इलाज नव्हता. दोघा चॅम्पियनांनी मोबाईल हातात घेतले. भूपेंद्रने पहिलाच बॉम्ब स्वतःच्या पायाशी टाकला. शांतीलालने त्याच्यावरच बंदूक रोखली.

"बाबा, तो आपलाच मानूस शे!" रिना किंचाळली.

"मांगे पया, मांगे!" कामिनी ओरडली.

मग मात्र राहवेना. कामिनीने नवऱ्याच्या हातातला मोबाईल हिसकावला, रिनाने बापाच्या. धडाधड शत्रू पडू लागले. अंगणात शिट्ट्या सुरू झाल्या.

"भूपेंद्रभाऊ, दार धरा! मी वरथीन येस!" एरवी खेळात टाइप करायची ते रिना सवयीने तोंडाने बोलून गेली.

"धरं, कप्तान!" कामिनीच्याही तोंडून निघालं.

आणि दोघींनी एकदम एकमेकींकडे पाहिलं.

"तू... शांतीलाल?"

"आनि तुम्ही भूपेंद्रभाऊ!"

दोघी इतक्या हसल्या की एक शत्रू फुकट वाचला.

बाजेवर बसलेल्या भूपेंद्रने हळूच विचारलं, "तुम्ही चॅम्पियन शेतस, हाई तुम्हले कवय समजनं?"

"बसमा बसनू तवय," शांतीलाल मिशीत पुटपुटला.

तेवढ्यात कामिनी मोबाईलवरून नजर न काढता म्हणाली, "आहो, चहा ठेवा ना! आम्हना दुसरा डाव सुरू व्हई ऱ्हायना."

शांतीलाल उठला. "चाला, चॅम्पियन. साखर कोठे शे, ते तरी माहीत शे ना?"

भूपेंद्रला तेही माहीत नव्हतं.