भिंतीतल्या बाईसाहेब

"या हिवाळ्यात आपल्या घरातली ऊब चमचाभरसुद्धा बाहेर जाणार नाही! शब्द आहे माझा!"

पॅकिंगमास्तरांनी हे जाहीर केलं तेव्हा ऐकायला घरात तिघीजणी होत्या. बायको डबा भरत होती, आई मोजे शोधत होती आणि बाईसाहेब, म्हणजे आईचं मांजर, हीटरसमोर आडव्या पडल्या होत्या. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. बाईसाहेबांनी एक डोळा उघडला आणि परत मिटला.

आता हे मास्तर कोण, ते सांगायला हवं. कपबश्यांच्या कारखान्यात ते पॅकिंग खात्याचे प्रमुख. उभी हयात त्यांनी खोकी भरण्यात घालवलेली. भरलेलं खोकं उचलायचं, कानाशी धरायचं आणि हलवायचं. आतून जरा जरी खुळखुळ ऐकू आली की खोकं परत! "पोकळी राहिली की कप फुटला!" हे वाक्य ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवत आणि जुन्याला रोज. त्यांनी भरलेलं खोकं जिन्यावरून गडगडत खाली गेलं तरी बशीला ओरखडा येत नसे. ते उघडताना गिऱ्हाईकाच्या नाकी नऊ येत, ही गोष्ट वेगळी. पण ते खातं मास्तरांकडे नव्हतं.

तर अशा माणसासमोर कारखान्यात कुणीतरी पर्यावरणावर भाषण ठोकलं. घराच्या फटींमधून ऊब बाहेर जाते, म्हणून हीटर जास्त चालतो, म्हणून वीज जास्त लागते, म्हणून धूर जास्त होतो, आणि शेवटी बिचारी पृथ्वी तापते! बाकीचे लोक पेंगत होते. मास्तर मात्र खुर्चीत ताठ झाले. म्हणजे घर हे एक खोकंच की! आणि आपलं खोकं तर चारी बाजूंनी खुळखुळतंय!

त्या दिवसापासून घरात पॅकिंग सुरू झालं. खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लागल्या. दारांखाली कापडाच्या गुंडाळ्या आल्या. किल्लीच्या भोकात कापूस कोंबला गेला. बायको इस्पितळात नर्स. दमूनभागून ड्युटीवरून आली, तर किल्ली आत जाईना!

"अहो, दार उघडा! भोकात काय घातलंय?"

"कापूस! वारा येत होता!"

"वारा राहू दे, मी येऊ का आत?"

स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती. तिथे कोण बसतं? मग ती गरम कशाला ठेवायची? मास्तरांनी तिच्या दाराला चहूबाजूंनी कारखान्यातली रुंद तपकिरी टेप मारली आणि वर जाड अक्षरांत लिहिलं : 'थंडी संपेपर्यंत उघडू नये. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, हे विचारायची कुणाची टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

राहता राहिली एक भिंत. हॉल आणि ती अडगळीची खोली यांच्यामध्ये लाकडी चौकट होती, तिला दोन्ही बाजूंनी प्लायवूड ठोकलेलं आणि मध्ये चांगली वीतभर पोकळी. मास्तर जाता येता त्या भिंतीवर टिचकी मारत आणि तो पोकळ आवाज ऐकून त्यांचा जीव कासावीस होई.

रविवार उजाडला. बायको सकाळच्या ड्युटीला गेली. दुपारी आई न्हायला गेली. मास्तरांनी हॉलच्या बाजूच्या फळीचा वरचा भाग काढला. कारखान्यातून त्यांनी रद्दी कागदाच्या चिंध्या गोण्या भरभरून आणल्या होत्या. कचराही वाचला आणि ऊबही! गोणीमागून गोणी त्या पोकळीत रिकामी होऊ लागली. बाईसाहेब सुरुवातीला एका गोणीत शिरून देखरेख करत होत्या. मास्तर त्यांना म्हणाले, "बघा, शिका जरा!" आणि कामाला लागले. कागद ठासून भरला, फळी पुन्हा ठोकली आणि चारी कडांना डब्यातला फोम मारला. हा फोम म्हणजे अजब चीज. फुस्सकन बाहेर येतो, दुप्पट फुगतो आणि मग दगडासारखा घट्ट होतो. मास्तरांनी टिचकी मारली. पोकळपणाचं नाव नाही! त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात आई केस पुसत बाहेर आली.

"बाईसाहेब कुठायत रे?"

"असतील इथेच."

"दुधाची वाटी तशीच आहे. मी हाक मारली तरी आल्या नाहीत."

मास्तरांनी हॉलमध्ये पाहिलं. पलंगाखाली पाहिलं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या गोण्यांच्या ढिगावर गेली. बाईसाहेब ज्या गोणीत बसल्या होत्या, ती गोणी कुठली?

आणि नेमकं त्याच क्षणी भिंतीतून बारीक आवाज आला. "म्यां...व."

आईच्या हातातला टॉवेल गळून पडला. "अरे! तू तिला भिंतीत भरलंस?"

"नाही गं आई! म्हणजे... मुद्दाम नाही!"

"आत हवा तरी जात असेल ना?"

"हवा? छे! टिपूससुद्धा नाही! असं हवाबंद काम सबंध गल्लीत..." मास्तर छाती फुगवून सांगायला लागले आणि आपण काय बोलतोय ते कळताच तोंड उघडं ठेवूनच थांबले.

इथे एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी, मंडळी. हे मांजर मास्तरांच्या वडिलांनी कोटाच्या खिशात घालून घरी आणलेलं होतं, मुठीएवढं पिल्लू असताना. वडील गेले आणि आई गप्पच झाली. मुलाशी बोलायची ती 'हो' आणि 'नको' एवढंच. पण मांजराशी मात्र तासन् तास बोलायची. आज भाजी खारट झाली, तुझे साहेब असते तर रागावले असते, असं सगळं सांगायची. मास्तर ते दाराआडून ऐकायचे आणि आईचा आवाज अजून घरात आहे, म्हणून त्यांना बरं वाटायचं. तो आवाज आता आपणच फोम मारून बंद केला, या विचारासरशी त्यांनी भिंतीकडे धाव घेतली.

"हातोडी!" ते ओरडले. "हातोडी कुठाय?"

आरडाओरडा ऐकून शेजारचे बँडवाले काका धावत आले. मिरवणुकीच्या बँडमध्ये सगळा जन्म गेलेला, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची ठाम समजूत. त्यांनी परिस्थिती ऐकली, एक स्टीलचा पेला मागवला, तो भिंतीला लावला आणि त्याला कान टेकवून डोळे मिटले.

"शांतता! हं. डावीकडे. खालच्या सुरात बोलतेय. घाबरलीय."

मास्तरांनी डावीकडे घाव घातला. एक, दोन, दहा! फळी फुटेना. कशी फुटेल? मास्तरांनीच ठोकलेली! खिळे कारखान्याचे, हात पंचवीस वर्षं मुरलेला. जन्मात पहिल्यांदाच ते स्वतःच्या पॅकिंगचं गिऱ्हाईक झाले होते आणि गिऱ्हाईक त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत असेल, ते त्यांना आता शब्दाशब्दाने कळत होतं. अखेर फळीला भगदाड पडलं. आतून फक्त कागद!

"सरकली!" काका म्हणाले. "आता उजवीकडे. सूर चढलाय."

उजवीकडे भगदाड. कागद!

"पुन्हा डावीकडे!"

"अहो काका, एका जागी ठरवा! ठासून भरलेल्या कागदातून ती पळतेय कशी?"

"तुझं पॅकिंग ढिलं असेल!"

एरवी हे वाक्य बोलून कुणी कारखान्यातून धड घरी गेलं नसतं. पण त्या घडीला मास्तरांच्या तोंडून निघालं, "देव करो आणि ढिलं असो!" आई खुर्चीत बसून पदर तोंडाशी धरून नुसतं म्हणत होती, "बाई गं, दम धर. तो येतोय. बाई गं, दम धर."

तिसऱ्या भगदाडात मास्तरांनी खांद्यापर्यंत हात घातला. हॉलभर कागद उडाला होता, काकांच्या मिशीत कागद, आईच्या ओल्या केसांत कागद. मास्तरांनी पोकळीत चाचपलं. कागद, कागद, कागद. मग पलीकडची फळी लागली. तिच्यामागे असेल तर? त्यांनी हातोडी आत घातली, डोळे मिटून जोर लावला आणि कडाडकन ती फळीही फुटली. हात पुढे गेला आणि मऊ, उबदार काहीतरी बोटांना लागलं.

"सापडली! गरम आहे! आई, जिवंत आहे गं!"

बोटांवरून खरखरीत जीभ फिरली. मास्तर चक्क हुंदके द्यायला लागले. काकांनी पेला खाली ठेवून डोळे पुसले. आणि तेवढ्यात भिंतीच्या आत कुणीतरी मास्तरांचं मनगट घट्ट पकडलं!

"आई गं! हिने हात धरला माझा! पाच बोटांनी धरला!"

"मांजराला पाच बोटं?" काका दोन पावलं मागे सरकले.

भिंतीतून आवाज आला. शांत, दमलेला, चांगला ओळखीचा.

"नाडी फार जोरात पळतेय तुमची. हलू नका जरा, मोजतेय. अहो, पण तुम्ही भिंतीत काय करताय?"

बायको होती! ड्युटी संपवून मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली, आवाज ऐकून अडगळीच्या खोलीचं दार उघडलं, तर समोर भिंतीतून नवऱ्याचा हात बाहेर आलेला आणि बाईसाहेब तो चाटत बसलेल्या. नर्सच ती. पुढे आलेल्या हाताची आधी नाडी बघितली, बाकी चौकशी नंतर.

सगळे धावत पलीकडे गेले. बाईसाहेब गोधड्यांच्या ढिगावर ऐसपैस बसल्या होत्या. आईने त्यांना उचलून छातीशी धरलं आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या.

"पण ही खोली तर बंद होती! टेप होती! हुकूम होता!" मास्तर म्हणाले.

बायको जरा ओशाळली. "सकाळी जाड स्वेटर घ्यायला मी उघडली होती. जाताना टेप जशीच्या तशी परत लावली. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटायला नको. पण एकदा उपटलेली टेप धरते कुठली! ही नंतर दार ढकलून आत शिरली असणार."

म्हणजे ठोकाठोक ऐकून बाईसाहेब पलीकडे कुतूहलाने इकडून तिकडे फिरत होत्या, आणि काका त्यांचा सूर धरून मास्तरांकडून भगदाडं पाडून घेत होते! दार ढकललं असतं तरी भागलं असतं! काकांनी घाईघाईने पेला परत केला आणि घरी गॅसवर काहीतरी आहे म्हणत ते निघून गेले.

"आणि आता बोलणं निघालंच आहे तर सांगते," आई मांजराच्या कानामागे खाजवत म्हणाली, "माझ्या खोलीची खिडकी मी रोज रात्री दोन बोटं उघडी ठेवते. हिला येजा करायला. तुझे बाबाही ठेवायचे. तू रागावू नकोस हं, बाळा."

एवढी मोठी वाक्यं आई त्यांच्याशी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. मास्तर कसले रागावतायत! ते तिथेच गोधड्यांवर बसले आणि पोट धरून हसायला लागले. त्यांचं बघून बायको हसली आणि मग आईसुद्धा.

संध्याकाळी फोमचा डबा घेऊन मास्तर भिंतीपाशी आले. दोन भगदाडं त्यांनी गुपचूप भरून टाकली. तिसरं, आरपार गेलेलं, भरायला वाकले तर त्यात बाईसाहेब! अर्ध्या हॉलमध्ये, अर्ध्या अडगळीत, अंगाचा गोळा करून गाढ झोपलेल्या. कडेला फट नाही, वर जागा नाही. मास्तरांनी हात धरून पाहिला. वारा अजिबात येत नव्हता. पोकळी इतकी बेतशीर भरलेली त्यांनी सबंध नोकरीत पाहिली नव्हती. त्यांनी डबा मुकाट्याने खाली ठेवला.

आता हॉलमध्ये खरोखरच ऊब असते. फक्त बाईसाहेब दूध प्यायला उठल्या की तेवढा वेळ मास्तर कानटोपी घालून बसतात.