किरकोळ हुता, बायांनो!

कोयनानगरात जमीन हलली की आधी चाळीचे पत्रे वाजत, मग भांडी, मग माझे दात. हे सगळं पुरतं थांबायच्या आतच चाळीच्या टोकाकडून खणखणीत आरोळी यायची, "किरकोळ हुता गं बायांनो, किरकोळ! चला, चुली बघा!" ती ऐकली की अंगणात जमलेली माणसं निमूट घरात जात. भूकंपाच्या यंत्रावर काय उमटलं याची चौकशी कुणी करत नसे. गोदाक्का किरकोळ म्हणाल्या म्हणजे किरकोळ.

मी सांगलीचा. आमच्याकडे कृष्णेचं पाणी घरात शिरतं, पण ते येताना दिसतं तरी. जमीन बिचारी जागच्या जागी असते. धरणाच्या भांडारात कारकून म्हणून इथं आलो, तेव्हा मोठ्या भूकंपाला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती. 'आता काय हलायचं राहिलंय?' असं सांगून घरच्यांनी मला एसटीत बसवलं. पहिल्याच आठवड्यात मी तोंडाला साबण फासून रस्त्यावर उभा होतो.

"ब्रश वाचला बघा," माझ्या हाताकडे बघत सुमन म्हणाली. सुमन म्हणजे माझी बायको.

गोदाक्का चाळीच्या टोकाला, आमच्या शेजारीच खानावळ चालवायच्या. आडव्या अंगाच्या, कपाळ मोकळं, आवाज थेट धरणाच्या भिंतीपर्यंत जाणारा. त्यांच्याजवळ विशेषण एकच, पण ते त्या कुठं आणि कसं ठेवतात यावर सगळं असायचं. 'किरकोळ साहेब' म्हणजे ज्याच्या सहीला किंमत नाही तो. 'साहेब किरकोळ हाय' म्हणजे बिचारा वाळलाय, त्याला वाढताना हात सैल सोडावा. दरड कोसळून एसटी दोन दिवस अडकली, तो 'किरकोळ दगूड' होता. एकदा आमटीच्या पातेल्यात पाल सापडली. जेवणारे सगळे ताटावरून उठले, तर अक्का डाव हातात घेऊन म्हणतात, "आवं, किरकोळ हुती. पिल्लूच म्हना की."

त्या दिवशी सगळी खानावळ उपाशी राहिली आणि अक्का सगळ्यांवर रागावल्या.

भूकंप मात्र लहान असो, मोठा असो, त्यांच्या लेखी किरकोळच. फक्त एका भूकंपाला त्या काहीच म्हणत नसत. त्यात त्यांचे मालक गेले होते. त्याचा विषय निघाला की अक्का नुसतं 'तवा' म्हणायच्या आणि पोळपाट पुसायला घ्यायच्या. मग कुणी पुढे विचारत नसे.

सुमनला आठवा महिना लागला आणि माझी भीती दुप्पट झाली. तिला माहेरी सांगलीला पोचवावं म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, या रस्त्यानं एसटीत बसवाल तर कराडच्या आतच बारसं कराल. झालं! आता बाळ होईपर्यंत जमिनीनं शहाण्यासारखं वागावं, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं. मी फळीवर तांब्या ठेवून त्यावर पेला उपडा घातला. जमीन हलली की पेला पडणार आणि आम्ही पळणार. पण मांजर आलं तरी पेला पडायचा आणि आम्ही पळायचो.

"पोरीला असं पळवू नगा," अक्का मला दटावायच्या. "तुमी कामाला गेला की तिला भ्या वाटतं म्हनता, तर माज्याकडं सोडा. किरकोळ पोर हाय, मला काय जड न्हाई."

तेव्हापासून सुमन दुपारची अक्कांकडे बसू लागली.

आणि एका दुपारी भांडारात माझ्या डोक्यावरचा दिवा झुलायला लागला. पाठोपाठ जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा घरघराट आला आणि कपाटं चालत पुढे आली. मी बाहेर पडलो आणि चाळीच्या दिशेनं पळत सुटलो. पळता पळता कान आरोळीकडे लागले होते. आता येईल, मग येईल. जमीन केव्हाच थांबली होती, पत्रेही गप्प झाले होते.

आरोळी आली नाही.

आयुष्यात इतका मी कधी भ्यालो नाही. तसाच धावत चाळीत पोचलो. चाळ सगळी बाहेर उभी होती. कुणी आत जात नव्हतं. सगळ्यांचे डोळे खानावळीकडे होते.

जांभळाखाली सुमन फतकल मारून बसली होती. धडधाकट. अक्का तिच्या पाठीशी बसल्या होत्या, दोन्ही हातांनी तिला कवळून. दारातून आत पाहिलं तर भांड्यांची फळी कोसळलेली. पितळेचं मोठं पातेलं नेमकं सुमनच्या पाटावर पालथं पडलं होतं.

"मी तांदूळ निवडत होते," सुमन म्हणाली. "अक्कांनी दंडाला धरून ओढलं. तेव्हापासून बोलतच नाहीत हो त्या."

"अक्का?" मी खाली बसलो.

त्यांचे ओठ हलले. आवाज इतका बारीक, की मला कान पुढे करावा लागला.

"हिला वडलं म्या, भाऊ. तवा न्हाई वडता आलं."

बाई थरथरत होती. रोज सगळ्या चाळीची भीती घालवणारी ही बाई आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त भीत होती, आणि आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

"तुमी म्हना की, भाऊ," त्या म्हणाल्या. "समद्यास्नी म्याच म्हनती. मला कोन म्हनतंय?"

"किरकोळ होता, अक्का."

"मोट्यानं म्हना. मानसं उनात हुबी हायती."

मी उठलो. जिवाच्या आकांतानं ओरडलो, "किरकोळ हुता, बायांनो! किरकोळ! चुली बघा!" शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. पण बायका हलल्या, पोरांना घेऊन एकेक घरात गेल्या.

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. सुमनचा दंड काही सोडला नाही.

"लय किरकोळ आवाज हाय तुमचा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "आनखी एकदा म्हना."

मी म्हटलं.