मागच्या सीटवरचा उन्हाळा

बाहेरच्या हवेला कोणीही जबाबदार नसतं. गाडीतल्या हवेला मात्र एक स्वतंत्र विभाग असतो. बाहेर उष्माघाताने माणसं लोळत असोत किंवा नळातलं पाणी गोठलेलं असो, काचा वर केल्या की ग्राहकाला सुखद गारवा किंवा सुखद ऊब मिळाली पाहिजे, असं मोटार कंपनीचं धोरण होतं. धोरण भिंतीवर लावलेलं होतं. त्या भिंतीपलीकडे दोन बंद खोल्या होत्या. एकीत बारमाही उन्हाळा, दुसरीत बारमाही हिवाळा. कर्मचारी चहा प्यायला मधल्या बोळात जमत. (कंपनीत हवा चांगली अशी ती एकच जागा होती.)

पूर्वी तपासणीचं काम थर्मामीटर करायचा. पण थर्मामीटरला चारचौघांत कसं वागावं ते कळत नाही. समोर साहेब उभा आहे की शिपाई हे न पाहता तो असेल ते तोंडावर सांगून मोकळा होतो. शिवाय ग्राहक अंश विकत घेत नाही, सुख विकत घेतो, हे संचालकांच्या ध्यानात आलं. तेव्हा सुख मोजण्यासाठी एक माणूस नेमण्यात आला. हुद्दा, प्रमाणित प्रवासी. सगळे त्यांना काका म्हणत. (नेमणुकीच्या वेळी ते तरुण होते, पण तेव्हाही काकाच होते.)

निवड काटेकोरपणे झाली होती. उंची सरासरी, वजन सरासरी, मतं सरासरीपेक्षा थोडी कमी. मुलाखतीत त्यांना दिलेल्या खुर्चीचा एक पाय मोडका होता. सबंध मुलाखतभर ते मांड्यांच्या जोरावर जवळजवळ अधांतरी बसले, आणि खुर्ची कशी वाटली असं विचारल्यावर "छान आहे की," म्हणाले. बाहेर बसलेल्या बाकीच्या उमेदवारांना तिथूनच घरी पाठवण्यात आलं.

काम सोपं होतं. गाडी उन्हाळ्याच्या खोलीत तापवायची, काकांना मागच्या सीटवर बसवायचं, एसी लावायचा, आणि थोड्या वेळाने इंजिनियरने स्पीकरवरून विचारायचं, "काय काका, कसं वाटतंय?" काका म्हणायचे, "बरं वाटतंय." गाडी पास. दुसऱ्या दिवशी हेच हिवाळ्यात, हीटर लावून. काकांच्या कारकिर्दीत एकही गाडी नापास झाली नाही. (एका हिवाळ्यात दात वाजत असल्यामुळे उत्तर नीट ऐकू आलं नव्हतं, पण सूर सकारात्मक होता.)

काका खोटं बोलत नसत, हे इथे सांगितलं पाहिजे. समोरचा आपुलकीने विचारतोय, एवढी मेहनत घेऊन गाडी बनवलीय, त्याचा चेहरा कशाला पाडायचा, एवढंच त्यांच्या मनात येई. आणि ते आलं की खरोखरच थोडं बरं वाटे.

मग कंपनीने कुटुंबासाठी स्वस्त गाडी काढली. खर्च वाचवण्यासाठी मागच्या सीटकडे हवा नेणारी नळी वगळण्यात आली. नळीच्या तोंडाची जाळी मात्र ठेवली, कारण पाहणीत बहात्तर टक्के ग्राहकांनी मागे जाळी हवी असं सांगितलं होतं. (हवेबद्दल प्रश्न विचारलेला नव्हता.) सराव चाचणीत पुढे बसलेल्या ड्रायव्हरने स्वेटर मागवला, आणि मागे काकांच्या चष्म्याची काडी तापून कानाला चटका बसला. काका सवयीने बरं वाटतंय म्हणाले.

त्याच संध्याकाळी लेक घरी आली. तिने आणि जावयाने हीच गाडी नोंदवली होती. मागे बाळाची खुर्ची, शेजारी आई-बाबा, असा बेतही ठरला होता.

"तुम्ही स्वतः बसून पाहिलेली गाडी, बाबा," ती म्हणाली. "दुसरी कशाला बघायची?"

अंतिम चाचणी व्हायची होती. आयुष्यात एकदाच नाही म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं आणि ते बाथरूममध्ये आरशासमोर उभं राहून "बरं वाटत नाही, बरं वाटत नाही" असं घोकू लागले. बाहेरून बायकोने घाबरून विचारलं, "अहो, काय होतंय?"

"कुठे काय, बरंय," काका म्हणाले.

चाचणीला स्पीकरवरून नेहमीचा प्रश्न आला. काकांनी पुढची सीट घट्ट धरली. "मागे हवा येत नाही," ते म्हणाले. "मला बरं वाटत नाहीये."

मग रीतसर कारवाई सुरू झाली. आधी मायक्रोफोन तपासला, मग स्पीकर. दोन्ही चांगले निघाले. तेव्हा इंजिनियरांनी शास्त्रीय विचार केला. जे उपकरण इतकी वर्षं एकच माप दाखवत आलं ते एकाएकी वेगळं दाखवू लागलं, तर बिघाड कशात असणार? उपकरणात. गाडीला हातही न लावता काकांना दुरुस्तीसाठी कंपनीच्या दवाखान्यात पाठवण्यात आलं.

डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी पंखा लावला, पाणी दिलं, नाडी पाहिली आणि हसून विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," असं काकांच्या तोंडून निघून गेलं. ते परत घेण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, तर बाईंनी त्यात थर्मामीटर ठेवला.

उपकरण दुरुस्त झालं. दुरुस्तीनंतरचं पहिलं माप ग्राह्य धरावं असा नियमच आहे, आणि पहिलं माप 'बरं' असं होतं. गाडी पास झाली.

काका तडक विभागप्रमुखांकडे गेले. (तडक म्हणजे दाराबाहेर थोडा वेळ घुटमळून.) ते बरं दवाखान्यातलं होतं, गाडीतलं नव्हे, असं त्यांनी समजावून सांगितलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे गाडीबद्दल तुमची तक्रार आहे?"

"तक्रार अशी नाही साहेब, पण..."

"मग झालं तर," साहेब म्हणाले, आणि काकांना सोडायला स्वतः दारापर्यंत आले. साहेब स्वतः उठून आल्यावर पुढे काही बोलणं काकांना प्रशस्त वाटेना. लेकीला त्यांनी दुसरी गाडी पाहण्याबद्दल फोनवर सुचवलं, तर ती म्हणाली, तुम्ही उगाच काळजी करता बाबा, कंपनीने पास केलीय ना?

उन्हाळ्यात सगळे त्या गाडीतून निघाले. लेक चालवत होती. तिच्या शेजारी जावई जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बसला होता. मागे बाळ लालबुंद होऊन किंचाळायला लागलं. (त्याला अजून कोणी नोकरीवर घेतलेलं नव्हतं.) आजीच्या मते दात येत होते, जावयाच्या मते पोटात गुबारा धरला होता, लेकीच्या मते झोप आली होती.

"गाडी थांबव," काका म्हणाले. "मागे हवाच येत नाही. ती जाळी नुसती दाखवायची आहे."

लेकीने गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं, जाळीसमोर हात धरला आणि तसाच धरून राहिली.

"मला आधी का नाही सांगितलंत, बाबा?"

"तिथे सांगितलं होतं गं. त्यांनी मला दुरुस्त केलं."

लेक संतापली. कंपनीला कोर्टात खेचते म्हणाली. तेवढ्यात कंपनीचाच फोन आला. नव्या ग्राहकांचं समाधान मोजणं चालू होतं. जावई म्हणाला, आता सोडू नकोस, चांगली झापून काढ. पण फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती. सकाळपासून लोकांच्या शिव्या खाऊन दमलेली असावी. गाडीतल्या हवेला एक ते पाचमध्ये किती द्याल, असं तिने अगदी हळू आवाजात विचारलं. लेकीने घामाने निथळणाऱ्या बाळाकडे पाहिलं.

"पाच द्या," ती म्हणाली.

तुम्हाला इथे तिचा राग येणं साहजिक आहे. तुमची गाडी तशी नाही. तुमच्या गाडीचा एसी उत्तम आहे, गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना स्टेशनवरून आणताना तुम्ही स्वतः मान वळवून विचारलं होतं, "मागे गार लागतंय ना?" आणि मागून ताबडतोब होकार आला होता. पाहुणे उतरले तेव्हा त्यांच्या पाठी कोरड्या होत्या का, ते पाहायचं तेवढं राहून गेलं.