काटा एकशेदहा, गाडी उभी

काटा: शून्य. गाडी: अंगणात.

“आमच्या गाडीचा काटा एकवचनी आहे! चाळीस म्हणजे चाळीस!”

हे वाक्य मी शनिवारी दुपारी, होणाऱ्या व्याह्यांसमोर, तोंडात भाताचा घास असताना बोललो. छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटून पाल्याच्या रश्श्यात पडलं!

व्याह्यांचं नाव रात्सिमांद्रेसी. ते पूर्ण उच्चारेपर्यंत आमच्या बेटाच्या डोंगराळ राजधानीतला, ताना शहरातला, एक चढ संपतो, म्हणून मी व्याहीबुवाच म्हणेन. गृहस्थ निवृत्त वाहनपरीक्षक! आरशावर माशी बसली होती म्हणून त्यांनी एकाला परवाना नाकारला होता.

“असं?” व्याहीबुवा म्हणाले. “मग उद्या तुमच्याच गाडीनं जाऊ या की. कबर बघायला.”

कबर म्हणजे आमच्या घराण्याची, गावाकडची. घर काय, भाड्याचंही असतं. पण मुलीनं शेवटी कायमचं राहायचं कुठं, ते बापानं बघायला नको? कबर पसंत पडली की आमचा लूवा आणि त्यांची फान्झा यांचं लग्न पक्कं. नाही पडली तर... लूवानं आधीच जेवण सोडलं होतं. घरातलं.

आता खरं सांगतो. माझी टॅक्सी म्हणजे सायीच्या रंगाची जुनी फ्रेंच कात्रेल. तिचा वेगाचा काटा कित्येक वर्षं हिवतापाच्या रोग्यासारखा थडथडत होता. तानात काट्याकडे बघतो कोण? पुढची बैलगाडी जेवढी पळेल तेवढा आपला वेग!

काटा: तीस ते ऐंशी, त्याच्या मर्जीनं. गाडी: अजून अंगणातच.

माझा मेहुणा तूवो. त्याला सगळं येतं. निदान सुरुवात तरी येतेच.

“दाजी, घाबरताय कशाला? दोष तबकडीत तरी असेल, नाहीतर केबलमध्ये. तिसरी जागाच नाही!”

आम्ही तबकडी ओढून काढली, पाठीमागची केबल सोडवली. तूवोनं तबकडीच्या पाठीतल्या भोकात काडी घालून गरगर फिरवली. काटा सुळकन वर गेला, सुळकन खाली आला.

“तबकडी निर्दोष!” तूवोनं निकाल दिला. मग केबलच्या नळीतून आतली तार उपसली. कोरडी ठणठणीत, गंजलेली. “ही बघा गुन्हेगार! अडकत अडकत फिरते, म्हणून काटा नाचतो. ग्रीस आणा.”

शनिवारी संध्याकाळी ग्रीस कुठलं? तूवोची नजर स्वयंपाकघराकडे वळली.

“ताई, बैलाच्या वशिंडाची चरबी आहे ना गं?”

“हात लावून तर बघ!” माझी बायको वुला कडाडली. “उद्याच्या भातासाठी राखलीय. व्याह्यांसाठी!”

“अगं, व्याह्यांसाठीच तर नेतोय!”

“बोटभर पुरे,” तूवो मला म्हणाला. बोटभर? पोराचं लग्न पणाला लागलेलं आणि चरबी बोटभर? मी भांडंभर चरबी पातळ करून नळीत ओतली! उरलेली तारेला चोपडली. तार नळीत परत घालून दोन्ही टोकं जागच्या जागी जोडली, गल्लीत एक चक्कर मारली. काटा चाळीसवर असा स्थिर, जसा चर्चमधला पाद्री!

काटा: शून्य. गाडी: पळतेय.

जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा. सकाळपर्यंत नळीतल्या चरबीचा दगड झाला होता.

व्याहीबुवा पुढं माझ्या शेजारी, गुडघ्यांवर हॅट. मागे वुला आणि लूवा. तूवोच्या पोटात नेमकं दुखायला लागलं होतं.

गाडी निघाली. काटा हलेना! उलट तबकडीमागून डुक्कर कापताना येते तशी किंकाळी आली.

“पक्षी पाळलाय वाटतं?” व्याहीबुवांनी विचारलं.

“हो!” मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

इथं एक सांगायला हवं. आमच्यात वडीलधारा माणूस सरळ बोलत नाही. सरळ बोलणं म्हणजे अंगावर थुंकणं. तो आडून बोलतो आणि ऐकणाऱ्यानं ओळखायचं असतं. मी एरवी बरा ओळखतो. पण भीतीनं डोक्यात भुस्सा भरलेला!

काटा: एकशेदहा. गाडी: बैलगाडीच्या मागे.

बाजाराजवळ इंजिन तापलं. चरबी वितळली. वितळली ती वितळली, वर तारेच्या पिळावरून चढत चढत तबकडीत शिरली! काटा हलला. दहा. चाळीस. ऐंशी. एकशेदहा! आणि तिथंच चिकटून बसला.

समोरचे बैल रवंथ करत होते.

व्याहीबुवा काट्याकडे बघत होते. मी व्याहीबुवांकडे. काटा खोटा म्हणावं, तर कालचा शब्द खोटा. परीक्षकाच्या तोंडावर! काटा खरा म्हणावं, तर मी त्यांना भर बाजारातून एकशेदहानं नेतोय! मी आरसा पुसून घेतला.

ते म्हणाले: “आज वारा फार घाईत आहे.”
म्हणायचं होतं: हळू चालवा.
मला कळलं: थंडी वाजतेय.
मी केलं: काच वर.

ते म्हणाले: “नांगराच्या बैलाला घाई नसते, तरी शेत नांगरून होतं.”
म्हणायचं होतं: अहो, हळू चालवा!
मला कळलं: भूक लागलीय, मांस हवंय.
मी केलं: “जेवण तयारच आहे!” म्हणून बैलगाडीला वळसा घालून गाडी दामटली.

ते म्हणाले: “माझी बायको घरी वाट बघत असेल.”
म्हणायचं होतं: मला जिवंत परत जायचंय!
मला कळलं: लवकर आटपा.
मी केलं: ते सांगवत नाही.

“बाबा,” मागून लूवा कुजबुजला, “तुमच्या पँटवर काय गळतंय?”

तबकडीखालून चरबीचे थेंब माझ्या रविवारच्या पँटवर पडत होते. टप्. टप्.

“वास ओळखीचा येतोय,” व्याहीबुवा म्हणाले.

“माझ्या भाताचा आहे!” वुला दात आवळून म्हणाली.

काटा: एकशेदहा. गाडी: उतारावर, इंजिन बंद.

सवय! दुसरं काय? ताना शहरातला कुठलाही टॅक्सीवाला उतार दिसला की चावी फिरवून इंजिन बंद करतो. पेट्रोल वाचतं. हात आपोआप गेला. गाडी एकदम गप्प झाली. त्या शांततेत व्याहीबुवांच्या ओठांचं पुटपुटणं ऐकू आलं. ते पूर्वजांना हाका मारत होते. एकेकाला, नाव घेऊन!

तेवढ्यात एक कुत्रं धावत आलं. मग दुसरं. मग भाताच्या खाचरांतून अख्खी टोळी! गाडीचं नाक वशिंडासारखं घमघमत होतं. एक लंगडं कुत्रं गाडीच्या बरोबरीनं पळू लागलं आणि पुढं निघून गेलं.

व्याहीबुवांनी काटा बघितला. कुत्रं बघितलं. पुन्हा काटा बघितला.

“या भागातली कुत्री,” ते सावकाश म्हणाले, “फार प्रगत आहेत.”

मला वाटलं, इथंच उतरावं आणि थेट कबरीत जाऊन झोपावं.

काटा: एकशेदहा. गाडी: उभी.

गावात पोचलो, गाडी थांबवली, काटा तसाच! मी रुमाल टाकून तबकडी झाकली. पण संकट आता आत नव्हतं, बाहेर होतं.

हिवाळा हा पूर्वजांना कबरीतून काढून नवी वस्त्रं गुंडाळायचा मोसम. त्या दिवशी चरबीत पोहणारा भात असतो आणि गावजेवण असतं. रविवार, वर गावात चरबीचा घमघमाट, वर शहरातून आलेली गाडी! दारादारांतून माणसं निघाली. हातात ताटल्या. काखेत चटया. एकानं बासरी आणली, एकानं ढोल!

“रामारो, न कळवता रे मेल्या?” आमची म्हातारी आत्या सगळ्यांच्या पुढं होती. “कुणाला बाहेर काढतोयस? तुझ्या आजोबांना? चमचे कमी पडतील, सांगून ठेवते!”

“कुणालाच नाही, आत्या! आम्ही नुसते बघायला आलोय!”

“नुसते बघायला? चरबी लावून?”

ढोल सुरू झाला होता. तो थांबला. शंभर रिकाम्या ताटल्या माझ्याकडे बघत होत्या. व्याहीबुवा त्या गर्दीतून वाट काढत कबरीपर्यंत गेले. दगडांवरून हात फिरवला. दाराची चौकट ठोकून बघितली, टायर बघतात तशी. आम्ही तिघं मागोमाग.

मग ते वळले. हॅट काढली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्या माहितीप्रमाणे, सरळ बोलले.

“रामारोबुवा, कबर उत्तम आहे. कोरडी आहे, प्रशस्त आहे, शेजार चांगला आहे. माझी मुलगी इथं सुखानं राहील.”

लूवानं आईला मिठी मारली.

“पण तिला इथं इतक्या लवकर पोचवायची माझी इच्छा नाही. तुमच्या गाडीत ती कधीच बसणार नाही. आणि तुमच्या घरी दुसरी गाडी नाही. तेव्हा लग्न मान्य. मुलगा मात्र आमच्याकडे राहील.”

घरजावई! आमच्या सात पिढ्यांत कुणी घरजावई झालं नव्हतं! मी घसा खाकरला. अशा प्रसंगी मुलाच्या बापानं निदान अर्धा तास लांबलचक, नम्र, म्हणींनी भरलेलं भाषण करून नकार द्यायचा असतो. मी पहिली म्हण आठवत होतो. तेवढ्यात—

“चालेल!” लूवा ओरडला.

“चालेल?” वुला किंचाळली. “अरे, विचार तरी कर!”

“केला, आई! फान्झाच्या आईच्या हातचा भात फार चांगला असतो!”

गावानं टाळ्या वाजवल्या. ताटल्यांवरच.

आता दर रविवारी आम्ही दोघं जातो पोराला भेटायला. व्याहीबुवा फाटकात उभे राहून आम्ही कशानं आलोय ते आधी बघतात आणि मगच कडी काढतात.

बसनं जातो. बहुतेक वेळा उभ्यानं.